बुरशी आपली भाऊबंद

चिपळूण,
१४ जुलै

चि. बंड्या,


परवा फोनवर तू रडवेला झाला होतास, म्हणून तेव्हा कामापुरतंच बोलले. तुझ्या बाबांच्या, आमच्या दादाच्या, पायांची सूज उतरतेय, पोटऱ्यांचं दुखणंही कमी आहे असं वहिनी म्हणाली. तेव्हा आता निवांत लिहिते. पत्र अशासाठी, की फोनवरचं निम्मं तू ऐकत नाहीस आणि उरलेलं निम्मं विसरतोस.

आधी एक सांगते. जांघेत नायटा होणं यात लाजण्यासारखं काही नाही. डोंबिवलीहून अंधेरीला लोकलमध्ये उभा राहून, घामाने भिजलेल्या जीन्समध्ये रोज जाणाऱ्या माणसाला तो होणारच. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात. तीही बहुतेक वेळा बुरशीच. पण त्या बायका दुकानात येऊन सरळ पाय पुढे करायच्या. तू मात्र चार महिने लपवलंस, आणि पुढचा सगळा घोळ त्या लपवण्यातून झाला.

तो घोळ मला वाटतो तसा मांडते, चुकलं तर सांग. जिममधल्या मित्राने तुला एक ट्यूब दिली. चार दिवसांत खाज पळाली, तू खूश. ट्यूब संपली आणि पंधरा दिवसांत नायटा परत आला, या वेळी दोन्ही मांड्यांवर, कडा अस्पष्ट, पसारा दुप्पट. पुन्हा ट्यूब. असं तीनदा. बरोबर?

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव असणार. ही स्टेरॉइडं. बुरशी आली की त्वचा लाल होते, खाजते, म्हणजे आपलं शरीर तिच्याशी लढतं. स्टेरॉइड त्या लढाईलाच झोपवतं. खाज थांबते, पण बुरशी मजेत वाढते, कारण पहारेकरीच पेंगतोय. सोबत बुरशीचं औषध मिसळलेलं असलं तरी हिशोब जमत नाही. नायट्याचं नेहमीचं रूपच त्यामुळे बदलतं, आणि मग डॉक्टरही पटकन ओळखू शकत नाहीत. १९६८ साली दोन ब्रिटिश डॉक्टरांनी या वेषांतर केलेल्या नायट्याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं नाव दिलं. एवढी जुनी गोष्ट, आणि तरी आपल्याकडे ती घराघरांत चालू आहे.

इथे माझाही कबुलीजबाब. १९८८ साली मी आणि तुझ्या काकांनी मेडिकल टाकलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मीही असल्या ट्यूबा काउंटरवरून, चिठ्ठीशिवाय, नुसतं ‘नायट्याची द्या’ म्हटलं की दिल्या. गिऱ्हाईक खूश होऊन परत यायचं आणि मला वाटायचं, औषध चांगलं आहे. परत का येतंय, हे कळायला मला फार वेळ लागला. २०१८ साली सरकारने या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीतून मिळालेली सूट काढून घेतली. दुकानांतून ती अजूनही सहज मिळतात हे तू स्वतःच पाहिलंस. तुझ्या मांड्यांवर ज्या जांभळट रेघा उमटल्यात ना, त्या त्याच मलमाच्या. रंग फिका पडेल, पण पूर्ण जाणार नाहीत. खोटी आशा देत नाही.

आता डॉक्टरांनी तुला दिलेल्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सुलांकडे येते, कारण तू घाबरलायस ते त्यांना.

जिवाणूंची औषधं बनवणं त्या मानाने सोपं. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते, ती आपल्या पेशींना नसते. पेनिसिलिन त्या भिंतीवर घाव घालतं, आपलं काही बिघडत नाही. बुरशीचं तसं नाही. दिसायला ती झाडपाल्यातली वाटते, पण जीवांच्या वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. म्हणजे आपली भाऊबंद. आणि भाऊबंदाशी भांडताना त्याच्या घरावर दगड मारला तर आपल्या कौलांवरही पडायची भीती, कारण दोन्ही घरं एकाच ठेवणीची.

फरक आहे तो थोडासाच. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल. नायट्याची बहुतेक औषधं हे एर्गोस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवतात. टर्बिनाफिन अलीकडच्या वळणावर अडवतं, तुझं इट्राकोनॅझोल थोडं पुढे. मात्र इट्राकोनॅझोल ज्या एंझाइमला पकडतं, त्याच कुळातली एंझाइमं आपल्या यकृतात बसलेली आहेत. आपण खातो त्या पुष्कळशा औषधांचा निचरा तीच करतात. एकटं इट्राकोनॅझोल घेणाऱ्या तरुण माणसाला याची सहसा जाणीवही होत नाही. बाकीच्या गोळ्या घेणाऱ्याला होते.

म्हणूनच दादाचं असं झालं. त्यालाही कमरेला नायटा उठला, आणि तू मायेपोटी स्वतःच्या कॅप्सूल त्याला दिल्यास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण दादा रात्री कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन घेतो. तिचा निचरा यकृतातल्या त्याच वाटेने होतो. इट्राकोनॅझोलने ती वाट अडवली की अॅटोरव्हास्टॅटिन रक्तात साचत जाते आणि स्नायू दुखायला लागतात. फार साचली तर स्नायू झिजून त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन घेतो, तिचंही तेच, आणि तिने पायांना सूज येते हे वेगळंच. सगळ्यांत वाईट म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यानंतर दादाच्या हृदयाचा पंप आधीच कमजोर आहे. इट्राकोनॅझोल त्या पंपाचा जोर आणखी कमी करू शकतं. ज्याचं हृदय थकलंय त्याला साध्या नायट्यासाठी हे औषध देणं डॉक्टर टाळतात, हे औषधाच्या माहितीपत्रकात अगदी सुरुवातीला ठळक छापलेलं असतं. सहाव्या दिवशी वहिनीच्या नजरेला पावलांची सूज पडली म्हणून वेळेवर डॉक्टर गाठले.

यातली एक गंमत, म्हणजे आता गंमत म्हणू शकतो म्हणून. दादा सकाळी उपाशीपोटी पित्ताची पँटोप्राझोल घेतो. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. आम्लच दाबलेलं असलं तर ती पुरती अंगी लागत नाही. म्हणजे धोका पत्करून नायट्याला लागणारी पूर्ण मात्राही त्याला मिळत नव्हती. माहितीपत्रकं तर असंही सांगतात की पोटात आम्ल कमी असलेल्याने ही कॅप्सूल साखरेच्या कोलासोबत घ्यावी. मधुमेहाच्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल!

कॅप्सूल थांबवल्या म्हणजे लगेच शरीरातून गेल्या असं नाही. रक्तातून इट्राकोनॅझोल पूर्ण उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दादाची कोलेस्टेरॉलची गोळी परत कधी चालू करायची ते त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू दे, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तू ठरवू नकोस.

आणि तुझं? दादाचं पाहून तू बाराव्या दिवशी स्वतःच्या कॅप्सूल बंद केल्यास. ते पाऊल चुकीचं. तू सत्तावीस वर्षांचा, हृदय धडधाकट, दुसरी एकही गोळी नाही, डॉक्टरांनी आधी रक्त तपासून यकृत ठीक आहे हे पाहिलंय. जे दादाला बाधलं ते तुला बाधेलच असं नाही. उद्याच डॉक्टरांना फोन कर, मध्ये किती दिवस गाळलेस ते खरं सांग, आणि म्हणतील तिथून पुढे चालू कर. अर्धवट सोडलेला कोर्स म्हणजे अर्धवट उपटलेली हरळी.

कॅप्सूल घ्यायची ती भरपेट जेवणानंतर लगेच. ऑफिसला पळता पळता चहासोबत नाही. उघडून आतले बारीक दाणे पाण्यात टाकू नकोस. ते दाणे कसे बनवलेत यावर औषध किती अंगी लागेल हे ठरतं, म्हणूनच दुकानदार ‘हीच, दुसऱ्या कंपनीची, स्वस्त’ म्हणाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नकोस. अॅसिडिटी झाली म्हणून गुलाबी औषध प्यायलास तर कॅप्सूलपासून दोन तास तरी दूर. आणि शनिवारची ती पार्टी, जी माझ्या कानावर आलेली नाही असं तू समजतोस, ती कोर्स संपेपर्यंत बंद. यकृताला एका वेळी एकच पाहुणा पुरे.

लक्ष कशावर ठेवायचं? थोडी मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं बऱ्याच जणांना होतं, त्याला घाबरायचं नाही. पण जेवणाची वासना पार गेली, लघवी गडद चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर पुढची कॅप्सूल घेऊ नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पायांवर सूज, धाप, ऐकू कमी येणं, हातापायांना मुंग्या, अंगभर पुरळ यांतलं काही झालं तरी तेच. कोर्स महिन्याच्या पुढे गेला तर ते यकृताची तपासणी पुन्हा करायला सांगतील. ‘चारशे रुपये कशाला घालवू’ म्हणू नकोस. जिमची फी किती भरतोस ते मला माहीत आहे.

तू विचारलंस, पहिल्या डॉक्टरांनी दिलेली टर्बिनाफिन का लागू पडली नाही, ते डॉक्टर कच्चे होते का. नाही रे. ते कैक वर्षं हुकमी औषध होतं. आमच्या दुकानाजवळ खाणावळ चालवणाऱ्या एका बाईंनी नखांसाठी ते घेतलं होतं. बुरशी गेली, पण तोंडाची चवही गेली, आणि दोन महिने गिऱ्हाइकं खारट आमटी मुकाट जेवत होती. चव परत आली पुढे. तोही त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम, फक्त त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता मात्र बुरशी बदललीय. टर्बिनाफिन ज्या एंझाइमवर बसतं त्याचीच ठेवण तिने बदलून घेतली. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या अशा बुरशीला नाव दिलं ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’. त्यात ‘इंडो’ आहे ते आपलंच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्णांत ती सापडल्याचं जाहीर झालं, अमेरिकेतली ती पहिली नोंद. चिठ्ठीशिवायच्या मिश्र मलमांनी आणि अर्धवट कोर्सांनी ती इथे पोसली, असं आपल्याकडच्या बऱ्याच त्वचारोगतज्ज्ञांना वाटतं. मलाही वाटतं, आणि काउंटरवरचे ते दिवस आठवतात.

मलम आता डॉक्टरांनी दिलंय तेच. कडेच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्यापेक्षा जास्त पसरलेली असते. टॉवेल वेगळा. चड्ड्या गरम पाण्यात, आणि पावसामुळे वाळत नसतील तर इस्त्री फिरवून. घरी कुणी टाकळ्याचा पाला वाटून लाव म्हणालं तर नको. टाकळ्याची कोवळी भाजी कर म्हणावं, हवं तर माझं नाव सांग.

ताईला तिसरा महिना चालू आहे आणि ती माहेरपणाला येणार आहे, तिच्या बाबतीत फार जपा. गरोदरपणात या कॅप्सूल चालत नाहीत. तिला खाज उठलीच तर वरून लावायचं काय ते तिच्या डॉक्टरांना विचारून, घरातली कुठलीही ट्यूब नाही.

दादाला जे झालं त्याची नोंद करायला हवी. औषधांच्या दुष्परिणामांची माहिती देशभरातून गोळा करणारी यंत्रणा २०१० पासून आहे. १८००-१८०-३०२४ हा तिचा फुकटचा फोन. डॉक्टरच करू शकतात असं नाही, तूही करू शकतोस. औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, सोबतच्या सगळ्या गोळ्या, हे कागदावर लिहून मग फोन कर. तोच कागद दादाच्या पाकिटात ठेव. कुठल्याही डॉक्टरकडे गेला की आधी तो पुढे करायचा.

आणखी एक काम. घरात तुम्हा दोघांना नायटा आहे, कपडे एकाच मशीनमध्ये धुतले जातात, तेव्हा वहिनीला नाही हे मला पटत नाही. ती स्वतःहून सांगणार नाही. तीस वर्षांत तिने स्वतःचं एक दुखणं कधी सांगितलेलं मला आठवत नाही. तू विचार. दादा फिरायला बाहेर गेल्यावर, स्वयंपाकघरात, ती भाजी निवडत असेल तेव्हा. आणि ती ‘नाही रे, काही नाही’ म्हणाली, तर तिथून हलू नकोस, पुन्हा विचार.

तुझी,
आत्या