अख्खं लग्न दाखवा, मग दराचं बोलू

प्रश्न : मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तीन फोटोग्राफर बघितले. इन्स्टाग्रामवर तिघांचंही काम सुंदर, दरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. निवडायचं कशावरून? आणि पैसे आपण मोजतो, तर त्या फोटोंवर हक्क कुणाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इन्स्टाग्रामवर असतात ते वेचलेले फोटो. तुम्ही एकाच लग्नाचा सगळा फोल्डर मागा, हळदीपासून पाठवणीपर्यंत. तोही शक्यतो तुमच्यासारख्याच मंगल कार्यालयातल्या लग्नाचा. लॉनवर संध्याकाळच्या उन्हात चेहरे खुलतातच. कार्यालयात मात्र स्टेजवर जांभळे एलईडी, वर पिवळे दिवे आणि दारातून येणारं दुपारचं ऊन असा सरमिसळ उजेड असतो. त्यात शालूचा रंग आणि माणसांच्या कांती खऱ्या आल्यात का, ते बघा.

मग थेट अंतरपाटापाशी जा. फोटोग्राफरची खरी परीक्षा तिथेच होते. वधूवर समोरासमोर, मध्ये कापड, भोवती मामा, करवल्या, गुरुजी आणि मोबाइल उंचावलेली भावंडं. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, माळा गळ्यात पडतात. सगळं काही क्षणांत. स्टेजसमोर उभं राहिलेल्याला दोघांचीही फक्त एक बाजू दिसते. मुलीचा चेहरा हवा तर जावयांच्या खांद्यामागे जायला हवं, जावयांचा हवा तर मुलीच्या. एक माणूस दोन्हीकडे कसा असेल? त्या फोल्डरमध्ये माळ घालतानाचे दोघांचेही चेहरे समोरून सापडले, तर तिथे दोन फोटोग्राफर होते आणि आपापल्या जागा त्यांनी आधीच धरून ठेवल्या होत्या. दरातला फरक पुष्कळदा इथेच असतो, म्हणून तिघांनाही किती माणसं आणणार ते विचारा. ड्रोन आणि प्री-वेडिंग वगळावं लागलं तरी चालेल, पण मुहूर्ताला दुसरा फोटोग्राफर घ्याच.

फोल्डर आवडला की पुढचा प्रश्न : हे काम कुणी केलंय, आणि आमच्याकडे तोच येणार का? लग्नसराईत दाट तिथीला एकाच स्टुडिओकडे दोन-तीन कामं असू शकतात. मग काम दाखवतो मालक आणि येतो मदतनीस. येणाऱ्याचं नाव करारात लिहून घ्या. त्याचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, हेही विचारा, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी मुहूर्ताचे फोटो हाती राहतील. अल्बमची पानं, तो मिळण्याची तारीख, पैशांचे हप्ते हे सगळं लेखी हवं.

एक काम मात्र घरच्यांनीच करायचं. ज्यांचे फोटो हवेतच, अशा वडीलधाऱ्यांची यादी करा आणि सगळ्यांना ओळखणारा एखादा चुलतभाऊ फोटोग्राफरसोबत ठेवा. पंख्याखालच्या खुर्चीवर बसलेल्या बाई नवरीच्या आजी आहेत, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? पुढे घरात सगळ्यात आधी शोधला जातो तो त्यांचाच फोटो.

आता हक्काचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांवर आणि चित्रफितीवर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो, वेगळा करार झाला नसेल तर. म्हणजे तुमचा. मेख आहे ती ‘वेगळा करार’ या शब्दांत. ‘सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील’ अशी एखादी बारीक अक्षरातली ओळ असलेल्या कागदावर तुम्ही सही केलीत, तर चित्र पालटतं. मुलीला आणि जावयांना विचारल्याशिवाय फोटो जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे नाहीत, हे त्यातच लिहून घ्या. मूळ फाइल्स तुम्हाला मिळणार का आणि स्टुडिओ त्या किती दिवस जपून ठेवणार, हेही लिहा. सही करण्याआधी तो कागद मुलीला वाचायला द्या. फोटो तिचे आहेत.