आमच्याकडे दोघांनाही 'औषध'च म्हणतात

मी दारव्ह्याची. शाळा कॉन्व्हेंट आणि आता ब्रँच इलेक्ट्रिकल, त्यामुळे मराठीत लिहायचा आणि औषधांवर बोलायचा, दोन्हीचा अधिकार तसा कमीच. पण ताईच्या डी. फार्मच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचलं आणि लहानपणी पाहिलेली एक गोष्ट पहिल्यांदा कळली.

2017 चा खरीप. मी सातवीत होते. शेजारचे काका कपाशीवर औषध मारून आले. आमच्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. "मले गरगरून रायलं" म्हणत ते ओट्यावर बसले. अंगभर घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. ऊन लागलं असेल म्हणून आम्ही लिंबूपाणी दिलं. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कोणतं औषध होतं?" आमचं उत्तर, "कपाशीचं." डबा शेतातच राहिला होता. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तेवढ्यावरून इंजेक्शन सुरू केलं. काका वाचले. पण त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते.

शरीरात झालं काय?

आपली नस ग्रंथीला किंवा स्नायूला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. पेशीवर त्याचं कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. किल्ली लागली की काम सुरू. लगेच कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ती किल्ली तोडून टाकतं, म्हणजे स्विच ऑफ. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या एन्झाइमलाच जखडतात. मग स्विच ऑनच राहतो. लाळ, घाम थांबत नाही, छातीत स्राव भरतो, श्वास कोंडतो. किडा मरतो तोही असाच.

ॲट्रोपीनचं इंजेक्शन विष काढत नाही. ते ग्रंथींच्या, श्वासनळीच्या आणि हृदयाच्या कुलपात जाऊन बसतं, म्हणजे खरी किल्ली लागतच नाही. छातीतला स्राव आटेपर्यंत डॉक्टर ते देत राहतात. हातापायांच्या स्नायूंची कुलपं मात्र वेगळी, तिथे ॲट्रोपीन चालत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम असतं. ते एन्झाइमला विषापासून सोडवतं, पण लवकर दिलं तरच. आणि प्रत्येक कीटकनाशकाला असा उतारा नसतो. म्हणून डॉक्टर आधी नाव विचारतात.

आता आपल्या हॉस्टेलकडे येऊ

पाळीच्या दुखण्यावर मुली जी गोळी घेतात, तिच्या स्ट्रिपवर बहुतेक वेळा दोन नावं असतात. पहिलं मेफेनॅमिक ॲसिड. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या हार्मोनसारख्या द्रव्यामुळे गर्भाशय आवळतं आणि दुखतं. ही गोळी ते बनवणारं एन्झाइम अडवते. पण तेच द्रव्य पोटाचं अस्तरही सांभाळतं, म्हणून ती उपाशीपोटी घ्यायची नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक याच गटातले. त्यातल्या दोन एकदम घेतल्या तर पोटाचा त्रास वाढतो.

दुसरं नाव डायसायक्लोमीन. हे तर ॲट्रोपीनचं चुलत भावंडं निघालं! तशीच कुलपं, म्हणून गोळी घेतल्यावर तोंड कोरडं पडतं. काकांना ज्याने वाचवलं, त्याचा नातेवाईक माझ्या पर्समध्ये होता आणि मला पत्ताच नव्हता.

तिसरं उदाहरण मुलांसाठी. व्हायव्हाच्या आधी छाती धडधडते ती ॲड्रेनलिन या हार्मोनमुळे. प्रोप्रॅनोलॉल हृदयावरचं त्याचं कुलूप झाकतं, धडधड कमी होते. पण तशीच कुलपं श्वासनळीत असतात आणि ती उघडली की नळी मोकळी राहते. म्हणून दम्याच्या मित्राला "घे रे एक, काही होत नाही" म्हणून ही गोळी देणं जिवावर बेतू शकतं.

थोडक्यात, औषधाला रोग ओळखू येत नाही. त्याला फक्त कुलूप ओळखू येतं. फायदा आणि त्रास दोन्ही तिथूनच.

लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन:

1. स्ट्रिपवरचं मोठं ब्रँडनेम नाही, खालचं बारीक नाव वाचा.
2. स्वतःला दिलेली गोळी रूममेटला देऊ नका. त्याचं शरीर तुम्हाला माहीत नसतं.
3. फवारणीनंतर त्रास झाला तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वडील या हंगामातही पंप पाठीवर घेतील. माझे बाबा आता पंप भरायच्या आधी लेबलचा फोटो मला व्हॉट्सॲप करतात. मी नाव वाचते, गट बघते आणि लिहून ठेवते. पुन्हा कोणी विचारलं तर "कपाशीचं" असं उत्तर द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.