साखळीचा ताण

मुलांनो, शाळा भरण्याच्या सुमारास सांगोल्याच्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहिलात, तर वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या सायकली तुम्हांला दिसतील. काही जुन्या, काळ्या, साध्या बांध्याच्या. तर काही जाड टायरांच्या, रंगीत, ज्यांना डोंगरी सायकल म्हणतात अशा. या गर्दीत एखादा मुलगा कडेला वाकून बसलेला असतो. त्याच्या सायकलीची साखळी उतरलेली असते. तो ती बसवतो, शंभर-दोनशे पावले जातो, आणि ती पुन्हा उतरते. हात काळे होतात, पहिला तास बुडतो. पण खरे भय त्याहून मोठे आहे. ओढ्यातून वर येणाऱ्या चढावर पेडलवर उभे राहून जोर लावावा आणि त्याच क्षणी साखळी दात्यांवरून घसरावी, म्हणजे पायाखालचा आधार एकाएकी नाहीसा होतो. मागून मालमोटार येत असेल, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको.

साखळी का उतरते, हे समजण्यासाठी तिचे काम पाहू. पेडलांपाशी मोठे दंतचक्र असते आणि मागच्या चाकाच्या मध्याशी लहान दंतचक्र, म्हणजे फ्रीव्हील. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. तर पेडल एकदा फिरले असता मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. पायाचा सारा जोर साखळीच्या वरच्या भागातून मागे जातो; म्हणून पेडल मारताना वरचा भाग नेहमी ताठ असतो. खालचा भाग केवळ परतीच्या वाटेवर असतो. त्याच्यावर भार नसतो, आणि साखळी लांब झाली की झोळ पडतो तो याच भागाला. हा भेद नीट ध्यानात ठेवा. पुढचे सारे विवेचन त्यावर अवलंबून आहे.

आज आपण वापरतो ती रुळांची साखळी हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने इंग्लंडातील मँचेस्टर येथे १८८० मध्ये सिद्ध केली. पुढे १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने कॉव्हेंट्री येथे दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला. पण त्या उद्योगाचे मूळ सायकलीच्या दुकानात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

साध्या सायकलीत साखळीचा ताण ठेवण्याची सोय फार सोपी आहे. मागच्या चिमट्याच्या दोन्ही टोकांना आडव्या खाचा असतात आणि त्यांत चाकाचा आस बसतो. आसाचे नट सैल करून चाक थोडे मागे ओढले की साखळी ताणली जाते. चाक मागे ओढून धरण्यासाठी दोन्ही बाजूंना आट्यांचे लहान खिळे असतात. मिस्त्री त्यांना चेन अ‍ॅडजस्टर म्हणतात. दोन्ही खिळे सारखेच फिरवावे लागतात, नाहीतर चाक तिरपे होऊन चिमट्याला घासते. चाक सरकले म्हणजे ब्रेकचे गुटकेही पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

डोंगरी सायकलीची गोष्ट निराळी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, दणकट सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावीत. तेथील ‘रीपॅक’ नावाची प्रसिद्ध शर्यत १९७६ मध्ये सुरू झाली. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतील वंगण जळून जाई, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच हे नाव पडले. अशा खेळातून डोंगरी सायकल जन्माला आली. चढासाठी तिला अनेक गिअर देण्यात आले. गिअर बदलला की साखळी लहानमोठ्या चक्रांवर जाते आणि तिचा झोळ कमीजास्त होतो. तो सावरण्यासाठी मागे स्प्रिंग असलेला एक हात आणि त्यात दोन लहान दातेरी कप्प्या बसवलेल्या असतात. यालाच डिरेलर म्हणतात. ताणाचे काम डिरेलर करीत असल्यामुळे अशा पुष्कळ सायकलींच्या मागच्या खाचा उभ्या असतात. त्यांत चाक पुढेमागे सरकवता येत नाही.

आता अडचण कोठे येते ते पाहा. डिरेलर चाकाच्या उजव्या अंगाला, जमिनीलगत लोंबत असतो. सायकल त्या अंगावर पडते, किंवा बाभळीची फांदी त्यात अडकते, आणि तो वाकतो. मग ‘गिअर नकोतच’ असे ठरवून तो काढून टाकण्यात येतो, साखळी कापून एकाच चक्रावर बसवली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून ती उतरू लागते. तो झोळ सावरणारा हातच आपण काढून टाकलेला असतो! त्याच्या जागी साखळी ताणून धरणारी कप्पी लागते. दुकानात तिला टेन्शनर म्हणतात.

परंतु ती विकत आणण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, खाचांचा आकार. त्या आडव्या असतील, तर टेन्शनरवर एक पैसाही खर्च करण्याचे कारण नाही. चाक मागे ओढा, तेवढ्याने काम होते. दुसरी, साखळीची झीज. साखळीच्या एका कडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ कड्या बरोबर एक फूट भरल्या पाहिजेत. तुमच्या कंपासपेटीतील पट्टी सहसा सहा इंचांची असते. म्हणून सुताराची फूटपट्टी घ्या. एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरा आणि पंचविसावा खिळा कोठे येतो ते पाहा. तो बारा इंचांच्या पुढे एक अष्टमांश इंच गेला असेल, तर साखळी झिजली आहे आणि तिने बहुधा दातेही झिजवले आहेत. अशी साखळी कितीही ताणली तरी दात्यांवरून घसरणारच. तेथे टेन्शनर म्हणजे फाटक्या पोत्याला नवी सुतळी.

हे दोन्ही पाहून झाल्यावर टेन्शनरच हवा असे ठरले, तर पहिला विचार जुन्या डिरेलरचाच करावा. त्याचा हात आणि ज्यात तो बसतो तो चिमट्याचा कान सरळ असेल, तर त्याच्या मर्यादा-स्क्रूंनी त्याला एकाच चक्राखाली स्थिर करता येते. मग तो गिअर न बदलता नुसता साखळी ताणून धरतो. घरात असलेली वस्तू उपयोगी पडते. तो मोडलाच असेल, तर त्याच कानाच्या भोकात बसणारी एका कप्पीची पट्टी घ्यावी. आटे जुळतात की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. काही पट्ट्या साखळी वर ढकलतात, काही खाली. खाली ढकलणारी अधिक झोळ सावरते. पण वर ढकलणारीमुळे फ्रीव्हीलच्या अधिक दात्यांना साखळी मिठी मारते, म्हणून माझ्या मते तीच बरी. कप्पी नेहमी साखळीच्या खालच्या भागावरच बसते. वर बसवली तर पायाचा सारा जोर तिच्या स्प्रिंगवर येईल.

बसवताना आधी साखळी शक्य तितकी आखूड करावी. सारा झोळ स्प्रिंगच्या माथी मारू नये. मग पुढचे चक्र, फ्रीव्हील आणि कप्पी एका रेषेत आहेत का, ते पाहावे. गवंडी भिंतीसाठी दोरी ताणतो, तशी पुढच्या चक्रापासून मागे एक सुतळी ताणली की तिरपेपणा लगेच दिसतो. कप्पी आतबाहेर असेल, तर वॉशर घालून जुळवावी. ती रेषेत नसेल, तर प्रत्येक फेऱ्याला साखळी बाजूला ओढली जाते, आणि चांगला टेन्शनरही तिला उतरण्यापासून वाचवू शकत नाही.

टेन्शनर असला म्हणजे ताण स्प्रिंगच राखते. चाक सरकवून ताण द्यायचा असेल, तेथे किती ओढावे हे मात्र हातालाच ठरवावे लागते. जुवाची सापती फार आवळली तर बैलाचा गळा काचतो. सैल ठेवली तर बैल जुवाखालून निसटतो. साखळीचेही तसेच. तिचा मधला भाग बोटाने वरखाली केला असता सुमारे अर्धा इंच हलला पाहिजे. मात्र पुढचे चक्र अगदी गोल क्वचितच असते. पेडल फिरवताना साखळी कोठे घट्ट तर कोठे सैल लागते. म्हणून पेडल हळूहळू फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि तेथे हे माप घ्यावे. फार ताणलेली साखळी कुरकुरते, पेडल जड करते आणि आसांतील छर्‍यांची झीज करते.

एक गोष्ट निक्षून सांगतो. चाक फिरत असताना साखळीजवळ बोट नेऊ नका. पेडल हाताने फिरवतानासुद्धा साखळी आणि दाते यांच्यामध्ये सापडलेले बोट तुटू शकते. हात लावावयाचा तो चाक पूर्ण थांबल्यावरच.

तेलाविषयी थोडेसे. आपल्या माणदेशातील धूळ तेलावर बसते आणि दोहोंचा मिळून कानशीसारखा घासणारा चिखल होतो. म्हणून साखळी आधी कोरड्या फडक्याने पुसावी, प्रत्येक रुळावर एकच थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यावे, आणि बाहेरचे पुन्हा पुसून घ्यावे.

सर्व बसवून झाल्यावर सायकल लगेच रहदारीच्या रस्त्यावर नेऊ नये. शाळेच्या मैदानावर प्रथम बसून, मग पेडलवर उभे राहून, जोर वाढवीत चालवून पाहावी. साखळी टिकली, तर एखाद्या लहान चढावर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आठ दिवसांनी टेन्शनरचा बोल्ट पान्याने एकवार तपासावा. खडबडीत वाटेच्या हादऱ्यांनी तो सैल होतो.