माडीची जमीन : साग, ऐन आणि इतर

कला शाखेच्या विद्यार्थिनीने लाकडावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण पानझडी वनांचा धडा शिकताना सागापुढे ‘टिकाऊ’ आणि ऐनापुढे ‘कठीण’ असे शब्द मी घोकले होते. या दोन शब्दांतले अंतर घरचे पैसे खर्ची पडल्यावर ध्यानात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराच्या माडीला सागवानी फळ्यांची जमीन आहे. कौले सरकून वर्षानुवर्षे गळती लागली आणि एका खोलीच्या फळ्या कुजल्या. २०२२ साली त्या बदलायचे ठरले. सागाचा भाव बाबांच्या आवाक्याबाहेरचा होता. ऐन सुचवला तो मी, आणि तोही आकडे दाखवून!

हे आकडे यांका कसोटीचे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते या कसोटीत मोजतात. तांबड्या ओकला सुमारे १२९० पौंड, अमेरिकेतील कठीण मेपलला १४५० आणि सागाला जेमतेम हजार-अकराशे. ऐन मात्र सागाच्या दुपटीच्या आसपास जातो. इतका कठीण वृक्ष, आपल्याच सह्याद्रीतला, सागापेक्षा स्वस्त. मग अडचण कुठे आहे, असे मी बाबांना विचारले.

अडचण अशी, की माणसे माडीवर पोलादी गोळ्या रुतवीत नाहीत. तिथे चालतात, पाट मांडतात, धान्य निवडतात. अशा जमिनीचा खरा शत्रू हवेतला ओलावा. लाकूड तो शोषून फुगते आणि सोडून आकसते. फुगणे-आकसणे लांबीत नगण्य असते, रुंदीत मात्र पुष्कळ. त्यातही ओंडक्याच्या केंद्रातून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी आणि वर्तुळांच्या दिशेने जवळजवळ दुप्पट. म्हणूनच एकाच झाडाच्या दोन फळ्या, चिरण्याची दिशा बदलली की वेगळ्या वागतात.

ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने साग साधारण साडेपाच टक्के आकसतो, तांबडा ओक साडेआठ, मेपल जवळजवळ दहा. हिशेब करून पाहू. सहा इंची वीस फळ्या, म्हणजे दहा फुटांची खोली. पावसाळा आणि उन्हाळा यांत लाकडातील ओलावा सहा टक्क्यांनी बदलतो असे धरले, तर सगळ्या फळ्या मिळून साग तीन सेंटिमीटरच्या आसपास हलेल आणि मेपल सहा. यांका कसोटीत मागे पडलेला साग इथे सर्वांच्या पुढे येतो. बास्केटबॉलच्या मैदानांना मेपल वापरतात तो त्याच्या घट्ट, एकसारख्या पोतासाठी. पण तिथे हवा यंत्राने आटोक्यात ठेवलेली असते. आमच्या माडीला तशी सोय कुठली!

सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून तो पाण्याला आणि वाळवीलाही दाद देत नाही. (रंध्याची धार मात्र लवकर घालवतो, ही सुतारांची जुनी तक्रार.) मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. आमच्या फळ्या मग कुजल्या कशा? ज्या कुजल्या त्यांच्या कडांना गाभ्याबाहेरचा पांढरा भाग होता. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात, पांढऱ्या भागात नव्हे. झाड सागाचे असले तरीही.

ऐनाच्या फळ्या वखारीतून आल्या तेव्हा हाताला थंड लागत होत्या. आमच्या वृद्ध सुतारांनी एक फळी उचलून पाहिली आणि म्हणाले, “बाय, हा अजून झाडच आहे. लाकूड झाला नाही. दोन उन्हाळे थांब.” मी त्यांना यांका समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि बाबांच्या सांगण्यावरून डिसेंबरात फळ्या ठोकल्या. फळीला फळी अशी बसली की मध्ये नख जाईना.

मे महिन्यात आजी माडीवर तांदूळ निवडायला बसली आणि तांदूळ खाली माजघरात पडू लागले. फटी मोजल्या, तर काही सहा-सात मिलिमीटरच्या निघाल्या. पावसाळ्यात त्या थोड्या मिटल्या, पण फळ्यांच्या कडा वर उचलल्या त्या तशाच राहिल्या. यात ऐनाला पुरता दोष देता येणार नाही. तो सुकताना तडकतो, वाकतो, म्हणून सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावकाश सुकवावा लागतो. तसा सुकवलेला ऐन कोकणात कित्येक घरांच्या तुळयांत निमूट उभा आहे. तुळईचे काम निराळे आणि फळीचे निराळे, एवढाच विवेक मी केला नव्हता.

बाबा काही बोलले नाहीत, हे बोलण्यापेक्षा जड गेले.

पुढच्या वर्षी परसातला एक म्हातारा फणस वादळात पडला. फणसाचे लाकूड ऐनाच्या मानाने मऊ; पाटाचा पाय ओढला तर चरा उमटेल. पण ते वाकायचे कमी, वाळवीला फारसे न रुचणारे, आणि आजीच्या मते दिसायला सागापेक्षा देखणे. ओंडका चिरताना सुतारकाकांनी जिथे जमेल तिथे केंद्राकडून सालीकडे चिरायला लावले. फळ्या सध्या गोठ्याच्या माळ्यावर पट्ट्यांवर रचल्या आहेत. प्रत्येकीच्या टोकाला मी खडूने रुंदी लिहिली आहे आणि सुट्टीत घरी गेले की पट्टी घेऊन पुन्हा मोजते.