दसऱ्यानंतर अंगणात हिरवळ

प्रश्न : परदेशातला भाचा म्हणतो, हिरवळ लावावी ती पानगळीच्या सुमारास. आमच्या सोनारीत दसऱ्यानंतर नर्सरीतले हिरवळीचे गालिचे अंथरले, तर चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेपर्यंत अंगण तयार होईल का?

उत्तर : होईल, पण भाचा सांगतो ते थंड हवेतल्या गवतांना लागू पडतं. ती गारव्यात मूळ धरतात. आपली हरळी उन्हाची. साधारण २५ ते ३५ अंशांत ती झपाट्याने पसरते, थंडी पडली की अडून बसते. म्हणून तिचा खरा हंगाम मृगानंतरचा. काड्या टोचून लावायच्या असतील तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. गालिचा मात्र आत्ता चालेल, फक्त दिरंगाई नको. मुळं धरायला दोन-तीन आठवडे लागतात, ते कडाक्याच्या थंडीआधी मिळायला हवेत.

परंड्याकडच्या काळ्या रानात घाई नडते ती मशागतीत. परतीचा पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत जमिनीत पाय घालू नका. ओली काळी खणली तर ढेकळं अशी वाळतात की कुदळीला दाद देत नाहीत. वाफशावर वीतभर खणा आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचा, अगदी बसून, हाताने. राहिलेली एकेक गाठ गालिचा फोडून वर येते. मग चाळलेलं शेणखत मिसळा आणि घरापासून बाहेर उतार द्या. गालिचे आणले त्याच दिवशी अंथरायचे, विटांच्या थरांसारखे सांधे चुकवून. फटींत चाळलेली माती भरायची आणि फळी ठेवून दाबायचं. रोज पाणी द्या. कोपरा हलकेच ओढून पाहा; उचलला गेला नाही की मुळं धरली.

आता पाण्याचं. एका गुंठ्याला, म्हणजे १,०८९ चौरस फुटांना, दिवसाला चार मिलिमीटर पाणी धरलं तरी ४०० लिटर लागतं, आणि चैत्रात त्याहून जास्त. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, ते मैदानांवर पाणी घालण्याच्या प्रश्नावरूनच. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी येत होतं. तेव्हा सगळं अंगण हिरवं करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. दारासमोर दहा बाय दहा फुटांचा तुकडा करा. त्याला याच हिशेबाने ४० लिटरच्या आत भागतं. बाकी अंगण सारवलेलं राहू द्या, यात्रेच्या पंगती तिथेच बसतील. टंचाई आलीच तर पाणी तोडा. हरळी पिवळी पडेल, पण जमिनीतल्या तिच्या मुळ्या सहसा तग धरतात आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतात.