माऊन आणि मोहल्ला : सामाईक वास्तूचा खर्च कोणी व कसा उचलावा?

दिव्य कुरआनातील १०७ वी सूरह ‘अल-माऊन’ अवघ्या सात आयतींची आहे. मक्तबात जाणारी लहान मुलेही ती पाठ म्हणतात. न्यायाच्या दिवसाला खोटे मानणाऱ्या माणसाची ओळख तिच्या आरंभी सांगितली आहे : तो अनाथाला हाकलून देतो आणि गोरगरिबाच्या अन्नाची कोणाला आठवण करून देत नाही. पुढे नमाजीविषयी गाफील असणाऱ्या आणि दिखाव्यासाठी वागणाऱ्या लोकांचा निषेध येतो. सूरहचा शेवट ‘माऊन’ अडवून धरणाऱ्यांवर होतो. हा माऊन म्हणजे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीत बादली, हंडी अशा वस्तू एकमेकांना वापरायला देणे यालाच आम्ही माऊन समजत असू, असे हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितल्याचे अबू दाऊदच्या संग्रहात आहे.

कोकणातील वाचकाला हे वाचताच आपल्या जमातीची भांडी आठवतील. लग्नाच्या देगा, पराती, जाजमे, मय्यतीसाठी लागणारे सामान या वस्तू एका घराच्या मालकीच्या नसतात, म्हणून त्या प्रत्येक घराच्या उपयोगी पडतात. मोहल्ल्याचे सामाईक केंद्र, मग त्याला कोणी जमातखाना म्हणो, सभागृह म्हणो की अभ्यासिका, या माऊनवर घातलेले छप्परच आहे. त्याचे मोल काय आणि त्याचा खर्च शरीअतच्या चौकटीत कसा भागवावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

मस्जिद-ए-नबवीचे अंगण

प्रेषित (स.) मदीनेस आले तेव्हा मस्जिदीसाठी निवडलेली जागा सहल व सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुले ती विनामूल्य द्यावयास तयार होती, परंतु प्रेषितांनी (स.) ती तशी स्वीकारली नाही, मोल देऊन घेतली. सामाईक वास्तूच्या पायात कोणाचा हक्क गाडला जाऊ नये, हा यातील पहिला धडा. ‘जागा आपल्याच भाऊबंदांची आहे, कागदाचे पुढे बघू’ असे म्हणून बांधकामाला हात घालणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. दोन पिढ्यांनंतर सातबाऱ्यावर वीस वारस उभे राहतात आणि सभागृहाचे कुलूप न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत राहते.

त्या मस्जिदीत पाच वेळच्या नमाजीखेरीज बरेच काही चालत असे. बेघर व विद्यार्थी सहाबा (रजि.) ‘सुफ्फा’ या छायेखाली राहत. खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू उभारला गेला, जेणेकरून त्यांची विचारपूस जवळून करता यावी. तोपर्यंत इस्लाम न स्वीकारलेल्या सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळालाही मस्जिदीच्या आवारात उतरविण्यात आले. ईदच्या दिवशी हबशी लोकांनी तेथे भाल्यांचे खेळ केले आणि प्रेषितांनी (स.) ते हजरत आयेशा (रजि.) यांना दाखविले.

यावर कोणी विचारील की, मग मस्जिद असताना वेगळे केंद्र कशाला? उत्तर फिकहमध्येच आहे. मस्जिदीचे स्वतःचे अदब आहेत. तेथे खरेदी-विक्री करता येत नाही, आवाज चढविता येत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांना तेथे थांबता येत नाही. मुलींचा शिवणवर्ग, रक्तदान शिबिर, दहावीच्या मुलांची रात्रीची अभ्यासिका, शेजारच्या वाडीतील हिंदू बांधवांसह घ्यावयाची पाणीप्रश्नाची बैठक यांसाठी मस्जिदीशेजारी पण मस्जिदीच्या हुकमाबाहेर असलेली जागा सोयीची ठरते. सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत नातलग शेजारी आणि परका शेजारी अशा दोघांशीही चांगुलपणाने वागण्याचा आदेश आहे. केंद्राचे दार कोणासाठी उघडे असावे, याचे उत्तर त्यातच आले.

आपल्या गावांची गरज

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला आपला सिंधुदुर्ग जिल्हा आकाराने लहान आहे. येथील कर्ता पुरुष मुंबईत किंवा आखातात, आणि गावात वृद्ध, स्त्रिया व मुले, हे चित्र कणकवली तालुक्यातील आमच्या नांदगावपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत सारखेच आहे. अशा ठिकाणी चार माणसांनी एकत्र बसण्याची जागा ही चैन नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण-देवगडच्या किनारपट्टीला झोडपले, घरांची छपरे उडाली, वीज गेली. त्या वेळी पक्के छप्पर, पाण्याची टाकी आणि मोठी चूल असलेली सामाईक जागा म्हणजे काय, हे सर्वांच्या ध्यानी आले. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मस्जिदीचे सभागृह कोरोनाच्या विलगीकरणासाठी देऊ केले होते. संकटाच्या दिवशी नवी जागा बांधता येत नाही. असलेलीच उपयोगी पडते.

गरज कोणी नाकारत नाही. अडचण पैशाची आहे, आणि तीही बहुधा बांधकामाच्या पैशाची नाही. आखातातून एकरकमी देणगी येते, भिंती उभ्या राहतात, संगमरवरी पाटी लागते. त्यानंतर वीजबिल कोण भरणार, पावसाळ्याआधी पत्रे कोण तपासणार, झाडलोट कोण करणार, हे ठरलेले नसते. मग वास्तू दोन-चार लग्नांपुरती उघडते आणि एरवी बंद राहते. आमदार-खासदारांच्या निधीतून सभागृह मिळाले तरी रोजच्या देखभालीचा भार गावावरच येतो.

जकात कोठे थांबते

सर्वप्रथम एक मसला स्पष्ट असावा. ‘जकातीचे पैसे आहेत, सभागृहाला द्यावेत का?’ असा प्रश्न रमजानात हमखास विचारला जातो. सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीने जकातीचे आठ हक्कदार निश्चित केले आहेत. कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई मजहबाचे आहेत, राज्यातील इतर बहुतेक हनफी. बांधकामाच्या बाबतीत दोन्ही मजहबांचे प्रस्थापित मत एकच आहे : जकात हक्कदार व्यक्तीच्या मालकीत गेली पाहिजे. भिंत, फरशी वा पंखा हा हक्कदार होऊ शकत नाही. आधुनिक काळातील काही विद्वानांनी ‘फी सबीलिल्लाह’ या शब्दांचा अर्थ व्यापक केला आहे, हे खरे. परंतु ज्या जमातीतील विधवेचे छप्पर गळते, तिने त्या आधारावर जकात फरशीत घालावी असे आम्हांस वाटत नाही.

जकात केंद्रापर्यंत मुळीच पोहोचत नाही, असे मात्र नाही. अभ्यासवर्गाची फी असेल तर गरीब मुलाच्या हाती जकात द्यावी आणि त्याने ती फी भरावी. अशा रीतीने गरिबाचा हक्कही राहतो आणि वर्गही चालतो. बांधकाम व देखभाल यांसाठी लिल्लाह रक्कम, ऐच्छिक सदका आणि वक्फ हे मार्ग खुले आहेत. एक सावधगिरी येथेही आहे. मस्जिदीच्या नावाने गोळा झालेला पैसा सभागृहाकडे वळविता येत नाही. देणाऱ्याने घातलेली अट पाळणे बंधनकारक आहे. म्हणून पेट्या वेगळ्या, पावत्या वेगळ्या आणि वह्याही वेगळ्या असाव्यात.

हजरत उमर (रजि.) यांची जमीन

खर्चाच्या प्रश्नाचे मूळ उत्तर बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांतील एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली. याहून मौल्यवान मालमत्ता त्यांना कधी लाभली नव्हती. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. त्याप्रमाणे ती विकू नये, बक्षीस देऊ नये, वारसांत वाटू नये असे ठरले आणि उत्पन्न गरीब, नातलग, प्रवासी, पाहुणे इत्यादींसाठी नेमले गेले.

या वक्फच्या तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, तो लेखी होता. अबू दाऊदच्या संग्रहात त्या दस्तऐवजाचा मजकूर लेखक व साक्षीदारासह आला आहे. दुसरी, व्यवस्था पाहणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, मात्र संपत्ती साठवू नये, अशी मुभा त्यात होती. म्हणजे राखणदाराचा वाजवी पगार हा वक्फचा रास्त खर्च आहे. तिसरी, त्या दस्तऐवजात व्यवस्थापक म्हणून हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या कन्या, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांचे नाव घातले. केंद्राच्या समितीत स्त्रियांना बसविताना ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी हे नाव स्मरावे.

परलोकाचे जहाज

हा विचार आपल्या कोकणी पूर्वजांनी प्रत्यक्षात आणून दाखविला आहे. मुंबईच्या जामा मस्जिदीचा पाया १७७५ च्या सुमारास घातला गेला. एका कोकणी व्यापाऱ्याच्या मालकीची बाग आणि तलाव असलेली जागा त्यासाठी मिळाली. तो तलाव आजही मस्जिदीखाली आहे. काम पुरे झाले १८०२ मध्ये. ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकाचे जहाज, या शब्दांत पूर्णतेचे वर्ष गुंफले आहे : अबजदच्या गणिताने त्यातील अक्षरांची बेरीज १२१७ हे हिजरी वर्ष देते. समुद्रावर पोट भरणाऱ्या लोकांना हे नाव सुचावे, हे स्वाभाविक होते.

पाठासाठी अधिक महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मस्जिदीभोवतीच्या इमारतींचे तळमजले दुकानांना भाड्याने दिलेले होते. म्हणजे वास्तू बांधतानाच तिच्या उत्पन्नाची तजवीज केली गेली. दिवाबत्तीसाठी दर वर्षी कोणाच्या दारी जावे लागू नये, याचा विचार त्यांनी केला होता. आपण त्यांच्याइतके श्रीमंत नसू. पण आधी झरा शोधावा आणि मग टाकी बांधावी, हा क्रम पाळायला श्रीमंती लागत नाही.

गावाच्या मापाने

आपल्या गावांना जमतील अशा काही गोष्टी पुढे मांडतो.

पहिली गोष्ट, घरपट वर्गणी. समजा, वाडीत ६० घरे आहेत आणि प्रत्येकाने महिना १०० रुपये दिले, तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये होतात. वीज, झाडलोट आणि किरकोळ दुरुस्ती यातून भागू शकते. अल्लाहला तेच कर्म अधिक प्रिय आहे जे थोडे असले तरी नित्य असते, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. आपल्याकडील उत्पन्न हंगामी असते. पावसाळी मासेमारीबंदीत मच्छीमाराकडे तगादा लावू नये. आंबा-काजूचा हंगाम आटोपल्यावर बागायतदाराकडून वर्षाचे एकदम घ्यावे. ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेऊ नये आणि त्याचे नावही फळ्यावर लावू नये. त्याने श्रमदान केले तर ते वर्गणीपेक्षा कमी मानू नये.

दुसरी गोष्ट, झाडांचा वक्फ. शाफई मजहबाच्या प्रबळ मतानुसार रोख रकमेचा वक्फ होत नाही, कारण वापरताच ती संपते. मूळ टिकून लाभ देत राहणारी वस्तू हवी. जमीन, दुकानगाळा, फळझाडे या अशा वस्तू आहेत. एखाद्याने आपल्या बागेतील दहा काजूची कलमे किंवा दोन हापूसची झाडे जागेसह केंद्रासाठी वक्फ केली, तर त्याच्या मृत्यूनंतरही त्यांचे उत्पन्न येत राहील. माणूस मरण पावल्यावर ज्या तीन गोष्टींचे पुण्य थांबत नाही, त्यांत सदका-ए-जारिया आहे, हे आपण जाणतोच.

तिसरी गोष्ट, भाडे. बाहेरगावच्या व सधन घरच्या लग्नाकडून पुरते भाडे घ्यावे, म्हणजे गरीब घरच्या निकाहसाठी सभागृह विनामूल्य देता येईल. हा नियम आधी लिहून ठेवावा, नाहीतर सवलत ओळखीवर मिळू लागते.

चौथी गोष्ट, कागदपत्रे. वक्फ कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर लेखी वक्फनाम्याविना नवा वक्फ करता येत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी लेखी दस्त केला होता, त्यामुळे ही अट आपल्याला परकी वाटू नये. वक्फ असेल तर छत्रपती संभाजीनगर येथे मुख्यालय असलेल्या राज्य वक्फ मंडळाकडे नोंदणी करावी, सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तालयाकडे. जाणकार वकिलाचा सल्ला घेण्यास लाजू नये.

हिशेब आणि झाडू

वर्गणी थांबते ती बहुधा गरिबीमुळे नव्हे, संशयामुळे. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च मस्जिदीच्या फलकावर लावावा आणि मुंबई व आखातातील मंडळींना मोबाइलवर पाठवावा. दोन गटांच्या भांडणातून एका गावात दोन सभागृहे उभी राहण्याची वेळ आली, तर सूरह अत-तौबाच्या १०७ व १०८ या आयती वाचाव्यात. श्रद्धावंतांत फूट पाडण्यासाठी उभारलेल्या वास्तूत उभे राहण्यास प्रेषितांना (स.) मनाई केली गेली, आणि ती वास्तू मस्जिद म्हणूनच बांधलेली होती.

शेवटी एका स्त्रीचे स्मरण करू. ती मस्जिद-ए-नबवी झाडत असे. तिचा मृत्यू झाला तेव्हा लोकांनी तिला क्षुल्लक समजून प्रेषितांना (स.) कळविले नाही. त्यांनी तिची चौकशी केली, आपल्याला का सांगितले नाही असे विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत ही घटना आहे, पण मस्जिदीला सर्वांत मोठी रक्कम कोणी दिली याची यादी तेथे नाही. आपल्या केंद्राच्या पाटीवर देणगीदारांची नावे कोरण्याआधी, त्याचे दार रोज सकाळी कोण उघडणार आणि त्याला महिन्याकाठी काय देणार, हे जमातीने बसून ठरवावे.

अल्लाह आम्हां सर्वांना माऊन अडविणाऱ्यांपासून वेगळे ठेवो, आमचे थोडे पण नित्य दान स्वीकारो आणि आमच्या वस्त्यांतील सामाईक दारे उघडी ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.