ऋतुचर्या : तिथीची की देशाची?

वर्षा ऋतू म्हणजे श्रावण-भाद्रपद, हे आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु कांजूरमार्गसारख्या खाडी व मिठागरांलगतच्या आनूप देशी पाऊस बहुधा ज्येष्ठातच ठाण मांडतो. याउलट सोलापूरच्या पर्जन्यछायेतील जांगल मैदानात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि वर्षाचा एकूण पाऊस मुंबई उपनगरापेक्षा बराच कमी. मग दोन्हीकडे एकाच तिथीस बस्ती कसा योजावा?

सोलापूरकडील एक वृद्ध शेतकरी, संधिगत वाताचे रुग्ण, कांजूरला मुलाकडे आले असता आम्ही श्रावणाची वाट पाहत बसलो. आषाढातच त्यांचे गुडघे इतके धरले, की जिना उतरणे बंद झाले. चूक आमचीच. सुश्रुतांनी आषाढ-श्रावण हा प्रावृट् काळ वेगळा सांगितला आहे. कोकणपट्टीस तोच अधिक जुळतो. आता आम्ही पाऊस स्थिरावताच, अग्निबल पाहून, बस्ती देतो. गावी परतणाऱ्यास मात्र भाद्रपदात पुन्हा तपासावे.

औषधी दुकानदारांनी लवणभास्कर, हिंग्वाष्टक ही लवणयुक्त चूर्णे मे महिन्यातच लहान, घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरावीत. गोळे झालेले चूर्ण चाळून पुन्हा विकू नये.